थैलीत काय नव्हतं

भिवापूरच्या छोट्या रेल्वेत मोठं सामान घेऊन चढणाऱ्याकडे लोक बघतच राहायचे. अडीच फुटी रुळांवरची गाडी ती. डबे अरुंद, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि उरल्या जागेत भाजीच्या टोपल्या, दुधाच्या कॅना, एखादी पाय बांधलेली कोंबडी. त्यात कुणी सुटकेस वर ओढायला लागला की दारातला माणूस विचारायचाच, “लगन हाये का जी कोनाचं?” बंगाल-नागपूर रेल्वेनं 1908 साली ही इतवारी-नागभीड लाइन चालू केली आणि पुढं एकशे अकरा वर्षं तिनं कुही, उमरेड, भिवापूरच्या माणसांना नागपुरात नेलं-आणलं. मुर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेवर लोकांनी भरभरून लिहिलं. आमच्या गाडीला धड नावही नव्हतं. कुणी छोटी गाडी म्हणे, कुणी नॅरोगेज. नोव्हेंबर 2019 मध्ये रुळांची रुंदी वाढवायची म्हणून ती बंद झाली.

आत्याचं सामान कमी असायचं त्याचं श्रेय बाबा या गाडीला देत. गाडीच एवढीशी, तर थैली केवढी असणार, असा त्यांचा हिशेब. मला तो पटत नाही. त्याच गाडीत मोठाली गाठोडी घेऊन बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि आत्या एसटीनं गेली तरी थैली तेवढीच असायची. मुंबईला जातानाही तेवढीच.

थैली बाबांच्या जुन्या पँटच्या कापडाची, घरीच शिवलेली. आत एक लुगडं, एक चोळी, फणी, तंबाखूची चंची, चष्म्याचं घर आणि तिखटाची पुडी. संपलं. टॉवेल नाही, साबण नाही, पांघरूण नाही, पाण्याची बाटली तर नाहीच. आई दर वेळी म्हणायची, “आत्याबाई, निदान चादर तरी घ्या.” त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं होतं. “मी मानसायच्या घरी चाल्ली वो, जंगलात नाई चाल्ली. तिथं भेटते ते इथून कायले न्याव?” बाबा तिला चिडवायचे, “बाई, तुह्या थैलीपेक्षा तुहं तिकीट जड हाये.”

तिखटाच्या पुडीबद्दल मात्र ती चोखंदळ होती. भिवापूरची मिरची म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागतं. विदर्भातल्या जुन्या स्वयंपाकघरांत सांगावं लागत नाही. आता त्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, कागद आहे. कागद आला तोवर बऱ्याच शेतांतून ती गेली होती आणि संकरित वाण आले होते, ती गोष्ट वेगळी. आत्यानं उमेदीची वर्षं मिरचीच्या सातऱ्यावर काढली. व्यापाऱ्याच्या आवारात मिरचीचा ढीग, भोवती बाया, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेका मिरचीचा देठ खुडायचा. संध्याकाळी हात असे भगभगायचे की लहान लेकराला ती जवळ घ्यायची नाही. मी तिच्या मांडीवर बसायला गेले की हात वर करायची, दोन्ही, आणि म्हणायची, “बस, पन मले हात लावू नोको.” त्यामुळं कुठली मिरची चांगली हे तिला बघून कळायचं. ती मिरची घरी वाळवून, कुटून, कापडानं चाळून पुडी व्हायची. जिथं मुक्काम, तिथं पुडी. थैलीतली ही एकच गोष्ट तिची स्वतःसाठी नव्हती, आणि तीच सगळ्यांत वजनदार होती.

तिच्या जाण्याच्या जागा ठरलेल्या. एक, कुही तालुक्यातलं वैनगंगेकाठचं तिचं सासर. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूल नव्हतं, ती भावाकडे परत आली. पण जावेशी आणि दिरांशी तिनं नातं सोडलं नाही. वर्षातून एकदा तरी जायची. दुसरी जागा इतवारीतलं आमच्या एका चुलत नातलगाचं घर, आणि तिथून दसऱ्याला दीक्षाभूमी. तिसरी, डिसेंबरात दादर. या तीन जागांपलीकडे ती कुठं गेली नाही, आणि कुठं जायचं राहिलं असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. काश्मीर टीव्हीवर लागलं की म्हणायची, “बापा, तिथं कोन हाये आपलं?”

तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या आबाजींचं, गाठोडं मात्र जड असायचं. मी ते पाहिलेलं नाही. बाबांकडून आणि आत्याकडून ऐकलेलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक असला तरी वजनाबद्दल एकमत आहे. जितके दिवस जायचं तितक्या दिवसांच्या भाकरी, चटणी, कांदे, घोंगडं आणि पितळेचा लोटा. लोटा सगळ्यांत आधी. वाटेत पाणी कुठं मिळेल, कोण देईल, देणारा वरून ओतेल की नाहीच म्हणेल, याचा हिशेब घरातून पाऊल काढण्याआधी करावा लागे. महार माणसाला परगावी गेल्यावर काहीही मिळेल हे गृहीत धरायची सोय नव्हती. मग माणूस सगळं बरोबर नेतो.

आणि सगळं बरोबर नेऊनही भागत नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लहानपणचा एक प्रवास लिहून ठेवला आहे, 1901 सालचा. वडील खटाव तालुक्यात नोकरीला, आणि सुट्टीत त्यांच्याकडे निघालेली चार मुलं: भीम, त्यांचा भाऊ, आणि बहिणीचे दोन मुलगे. तयारी किती! नवे सदरे, नवे जोडे, चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं, वाटेसाठी भरलेला डबा. आगगाडीनं मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कुणी आलेलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार या अटीवर. रात्री डबा होता, खायला भरपूर होतं, पाणी नव्हतं. पोरं उपाशीच झोपली. मी हा मजकूर कॉलेजात असताना वाचला तेव्हा मला त्यातल्या अपमानापेक्षा आधी ते कपडे दिसले. घरातल्या बाईनं किती हौसेनं बांधून दिले असतील. इतकं नीट बांधलेलं सामान, आणि पलीकडच्या टोकाला माणूस नाही.

आबाजींचा लोटा 1956 मध्ये गेला. त्याची कथा आत्या दर दसऱ्याला सांगायची. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची. धम्मदीक्षेला पांढरे कपडे घालून यायचं असा निरोप गावोगाव गेलेला. घरात पांढरं म्हणजे आबाजींचं धोतर. आजीनं त्याचाच एक भाग फाडून पोरीला झगा शिवला. उमरेडपर्यंत पायी, पुढं छोट्या गाडीनं इतवारी, तिथून लोकांच्या लोंढ्याबरोबर व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मैदान. 14 ऑक्टोबर, दसऱ्याचा दिवस, लाखो माणसं. बाबासाहेब तिला दिसले का? एकदा ती हो म्हणायची, एकदा नाही. “लय दूर होते, पांढरे पांढरे दिसले” असंही एकदा म्हणाली, पण त्या मैदानात पांढरं कोण नव्हतं. तिला नक्की आठवायचं ते पाणी. उन्हात तिला गरगरलं, तेव्हा ओळख ना पाळख अशा एका बाईनं आपल्या भांड्यातून पाणी पाजलं, आणि त्याच भांड्याला तोंड लावून स्वतः प्यायली. ती बाई आपल्यातलीच होती, मग त्यात काय विशेष, असं बाबा म्हणायचे. आत्याला त्यात विशेष वाटायचं. परगावी, अनोळखी माणसानं, न विचारता, हे तिच्या बापाच्या गाठोड्यात कधीच धरलेलं नव्हतं. परत येताना लोटा नव्हता. आत्याच्या मते आबाजींनी तो तिथंच राहू दिला. बाबांच्या मते चोरीला गेला. मला दोन्ही खरं वाटतं.

त्यानंतर तिनं कधी पाणी बरोबर घेतलं नाही. हा तिचा काही नेम नव्हता. नेम म्हटलं असतं तर तिला हसू आलं असतं. पण एसटीच्या गाडीत, स्टँडवर, इतवारी स्टेशनच्या बाकावर ती शेजारच्या माणसाला सरळ म्हणायची, “बापू, पानी देजो.” समोरचा कोण, हे ती बघायची नाही. मला संकोच वाटायचा. एकदा एका नीटनेटक्या बाईनं बाटली उंच धरून वरून धार सोडली. तसं करण्याला शंभर कारणं असू शकतात. आत्यानं ओंजळ पुढं केली नाही, थैली मांडीवर घेतली आणि म्हणाली, “राहू द्या, तहान गेली.” गाडी उमरेडला थांबेस्तोवर ती काही बोलली नाही, आणि उमरेडला चहावाल्याकडून ग्लासभर पाणी मागून प्यायली. लोटा मात्र तिनं पुढच्या वेळीही घेतला नाही.

दादरला जायची तेव्हा तर घरच्यांचा जीव टांगणीला. नागपूरहून सुटणाऱ्या जादा गाड्या, पाय ठेवायला जागा नाही, मग शिवाजी पार्कचा मांडव, चैत्यभूमीची रांग. 6 डिसेंबरला तिथं देशभरातून माणसं येतात आणि त्यांतली बहुतेक जमिनीवर झोपतात. महापालिका मांडव घालते, पाण्याचे टँकर लावते. कामगार-कर्मचाऱ्यांच्या संघटना जेवणाची पाकिटं वाटतात. आत्या वस्तीतल्या बायांबरोबर जायची आणि काय पांघरलं विचारलं की कुणाकुणाची नावं सांगायची: परभणीची एक बाई, औरंगाबादचे दोन पोरं, एका बँकेतला साहेब. पुढच्या वर्षी ती त्यांना शोधायची. बहुतेक वेळा सापडायची नाहीत. मग तिखटाची पुडी दुसऱ्या कुणाला.

येताना थैली फुगलेली. दादरला आणि दीक्षाभूमीला पुस्तकांची दुकानं मांडलेली असतात, जत्रेत दुसरीकडे खेळणी असतात तशी. आत्याला अक्षर येत नव्हतं. दुकानदाराला ती म्हणायची, “भाची बारावीत हाये, तिले पाह्यजे ते दे.” त्यामुळं माझ्याकडं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ च्या तीन प्रती आहेत, स्पर्धा परीक्षेचं एक जुनं मार्गदर्शक आहे, आणि संविधानाची एक खिशातली आवृत्ती आहे, जिचा टाइप इतका बारीक की आता मला चष्म्यानंही वाचता येत नाही. थैली जाताना रिकामी कशासाठी ठेवायची, याचं आणखी एक कारण हे.

गाडगेबाबांचा फोटो आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आहे. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, हातात काठी. महाराष्ट्रात एवढं हलकं सामान घेऊन एवढं फिरलेला दुसरा माणूस शोधावा लागेल. 1905 साली घर सोडलं ते 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ देह ठेवला तोवर पायाला भिंगरी. पण याच माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. लोकांकडून पैसा उभा केला, दगड-चुन्याच्या पक्क्या इमारती उठवल्या, आणि स्वतः त्यांत राहिला नाही. मला वाटतं त्यांना हे नेमकं कळलं होतं की माणसानं हलकं चालावं असं सांगणं सोपं आहे. त्यासाठी वाटेवर छप्पर कुणीतरी बांधून ठेवावं लागतं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी गाडगेबाबा गेले. आत्याला यातली एकही तारीख माहीत नव्हती. फोटोखाली ती दोघांनाही एकाच उदबत्तीत भागवायची.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा पाया 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते घातला गेला. पाणी मात्र खूप वर्षांनी चढलं. ऐंशीवर गावं त्या पाण्यात गेली किंवा जायला निघाली. कुही तालुक्यातली बरीच, त्यांत आत्याचं सासर. गाव हलत होतं तेव्हा ती जावेला मदत करायला गेली, आणि मी तिला सोडायला. लोक घरं सोलून काढत होते. दारं, चौकटी, मयाली, कवेलू, पाटा-वरवंटा, गाईच्या गोठ्याचा खुंटासुद्धा. ट्रॅक्टरवर रचलेल्या चौकटी पाहून मी सहज म्हणाले की नव्या गावठाणात सिमेंटची घरं होणार, त्यात या चौकटी बसतील तरी का? आत्या म्हणाली, “बसन का नाई बसन. तिथं त्यायले कोन देइन? शेजारी कोन येइन ते मालूम नाई, हीर कुठी हाये ते मालूम नाई. सारंच न्या लागते मंग.” आपण ज्या घरात नवरी म्हणून आलो त्याचं दार ट्रॅक्टरवर आडवं पडलेलं तिनं पाहिलं. काही देऊ का म्हणून जावेनं विचारलं तर नको म्हणाली. ती नको म्हणेल असं मला वाटलंच होतं, पण त्या दिवशी तिच्या नकारात नेहमीची ऐट नव्हती.

मिरचीच्या गावातल्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. भिवापूर, नागभीड, सिंदेवाही, मूल, या पट्ट्यातून दर वर्षी धान निघाला की टोळ्या खम्मम-वरंगलकडं निघतात. त्यांचं सामान बघावं. तांदळाचं पोतं, डाळ, ताडपत्री, जर्मनचे गंज, वाकळी, चुलीला लोखंडी पट्ट्या, लेकरू. शेताच्या कडेला ताडपत्रीखाली दोन-तीन महिने काढायचे, तिथं कोणाचं घर नाही, कोणी वाट बघत नाही. गरीब माणूस कमी सामानात फिरतो, असं पुस्तकं लिहिणाऱ्यांना वाटतं. कमी सामानात फिरायला पुढं भरलेलं घर लागतं, नाहीतर भरलेला खिसा.

आमच्या गल्लीतली एक बाई 2020 च्या जानेवारीत अशी गेली. मार्चअखेर टाळेबंदी लागली, वाहनं बंद झाली, आणि त्या टोळीतली माणसं चालत निघाली. किती दिवस चालली, कुठं ट्रक मिळाला, कुठं पोलिसांनी अडवलं, हे तिनं मला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. सामानाचा क्रम मात्र पाठ होता. आधी ताडपत्री टाकली, मग गंज, मग वाकळी, मग वर्षाच्या खर्चासाठी आणलेली मिरची, ती टाकताना रडू आलं, मग तांदूळ संपलाच होता. आली तेव्हा अंगावरचं लुगडं आणि कडेवर पोर. गावाच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. लोक शाळेच्या भिंतीकडं जायला भीत होते. आत्या पंचाहत्तरीची, तिला तर घराबाहेरच पडायचं नव्हतं. तिनं माझ्या भावाच्या हाती डबा आणि आपलं पांढरं लुगडं पाठवलं. दसऱ्याचं, दीक्षाभूमीचं. आई म्हणाली, “दुसरं द्या, हे काहून देता?” आत्या म्हणाली, “यंदा कोन जाऊ देते मले नागपूरले?” ते खरंच होतं. त्या वर्षी दीक्षाभूमीवर गर्दी होऊ दिली नाही, आणि डिसेंबरात दादरलाही घरूनच अभिवादन करा म्हणून सांगितलं. तोवर आत्या राहिलीच नाही.

जुलैत रोवणी लागली. ती बाई पांढरं लुगडं नेसूनच बांधीत उतरली, कारण दुसरं नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल. आत्यानं ओट्यावरून पाहिलं. आम्हाला वाटलं चिडेल. “पांढऱ्याले चिखल लय उठून दिसते,” एवढंच म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

ऑगस्टमध्ये, झोपेत गेली. करोना नाही, काही नाही, वय. पण माणसं वीसच चालणार होती. कुहीची जाऊ येऊ शकली नाही, इतवारीच्या नातलगांचा फोन आला, दादरची माणसं तर आम्हाला माहीतच नव्हती. वीस मोजताना घरचेच बारा झाले. बाबांनी आयुष्यात कधी नव्हे ते तलाठ्याशी, पोलीस पाटलाशी हुज्जत घातली, आणि मग गप्प झाले. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील घेतलं ते मोबाइलवरून. थैली खुंटीला होती. भावुक होऊन उघडावी असं तिच्यात काही नव्हतं, फणी आणि चंची. चंची बाबांनी ठेवून घेतली, ते तंबाखू खात नसतानाही.

पुढच्या वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नागपूर, एका रात्रीचा मुक्काम. मी न्यायला गेले तर त्यांनी दोन बॅगा भरून ठेवलेल्या. चादरी दोन, उशी, स्टीलचा जग, ग्लास, बिस्किटांचे पुडे, टॉर्च, मेणबत्ती. आत्याला तिकिटावरून चिडवणारा माणूस. मी म्हटलं, “बाबा, मेणबत्ती कशाला?” तर म्हणाले, “लाइन गेली तं? तिथं कोन हाये आपलं?” इतवारीचा चुलतभाऊ त्याच वर्षी गेला होता आणि त्याच्या पोरांनी घर विकलं होतं. छोटी गाडी नव्हती, एसटीचा संप होता, आम्ही भाड्याच्या गाडीनं गेलो. मेणबत्ती लागली नाही. उशी मात्र लागली.

माझं काय? मी नोकरीच्या कामानं विमानानं जाते. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे, आणि त्या नावाखाली उभी राहून मी बॅगेचं वजन बघते. हातातल्या बॅगेला सात किलो. कपडे गुंडाळून कसे भरायचे, एकाच जोडीत तीन दिवस कसे काढायचे याचे व्हिडिओ माझी मुलगी मला दाखवते. त्यातली पोरं-पोरी हुशार आहेत, सात किलोत महिनाभर युरोप करतात. मला त्यांचा हेवा वाटतो. पण त्यांच्या यादीत सगळं असतं, अगदी दोरी आणि कपड्यांचे चिमटेसुद्धा, कुणासाठी काय न्यायचं ते नसतं. हॉटेलात टॉवेल मिळतो, साबण मिळतो, पाण्याच्या दोन बाटल्या मिळतात. आत्याच्या हिशेबानं मला काहीच न्यायला नको. तरी बॅग भरते. औषधं, चार्जर, जास्तीची चादर, कारण हॉटेलच्या चादरीचा भरवसा नाही, पाणी, कारण पाण्याचा भरवसा नाही. कधी कधी वाटतं, आबाजींचा लोटाच माझ्याकडं परत आला आहे, प्लास्टिकचा होऊन.

मागच्या हिवाळ्यात कुहीकडच्या नव्या गावठाणात गेले, आत्याच्या जावेला भेटायला. थकली आहे, पण कान शाबूत. घर सिमेंटचं. जुन्या चौकटींतली एक मागच्या दाराला बसवलीय, वर चार बोटं फट राहिली तिथं विटा कोंबल्यात. मी भिवापूरहून तिखटाची पुडी नेली होती, बाजारातून, चांगल्या दुकानातली. तिनं पुडी सोडली, चिमूट तळहातावर घेतली, उजेडाकडं नेली, जिभेला लावली.

“हे कुठून आनलं?”

“भिवापूरहून.”

“भिवापूरहून आनलं असन. भिवापुरी नोहोय हे. रंग घातला हाये यात.” तिनं सुनेला हाक मारून तिखट दाखवलं, सुनेनंही मान हलवली. “तुही आत्या असं आनती तं मी अंगनात फेकती.”

मी म्हटलं की आता ती मिरची मिळत नाही, कुणी लावत नाही.

“लावते. दोन-चार जन लावते. सातऱ्यावर जाय, बायाले विचार, दुकानात कायले जातं?” मग माझ्या बॅगेकडं बघून म्हणाली, “आन येवढी बॅग कायची वो? रायतं का आठ दिवस?”

एक रात्र, मी म्हटलं.

“मंग पुढच्या टायमाले हे ठेवजो घरी. दोन किलो मिरची आनजो. कुटलेली नोको, सबूत आन. कुटतो मी.”